मदत हवी आहे : स्टेरॉइड मलमाचा ‘पातळ थर’ म्हणजे नेमके किती ग्रॅम?

अंत्रुजी (फोंडा)
आईसाठी डॉक्टरांनी क्लोबेटासोलचे मलम लिहून दिले आहे. चिठ्ठीवर ‘दिवसातून दोन वेळा, पातळ थर, दोन आठवडे’ एवढेच आहे आणि पुढे ट्यूब एक. ती पंधरा ग्रॅमची ट्यूब आठवडाभरसुद्धा पुरली नाही. दुसरी आणायला गेलो, तर फार्मसीवाला नव्या चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि डॉक्टरांनी तर दोन आठवड्यांनंतर बोलावले आहे. आम्ही जास्त लावतो आहोत, की ट्यूबच कमी लिहिली गेली आहे? कृपया ‘डॉक्टरांना विचारा’ एवढेच उत्तर देऊ नये.

डिचोलीकरीण
आजार कोणता, मलम शरीराच्या कोणत्या भागावर लावता, आईचे वय किती, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. मी अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. एवढ्या माहितीवर कोणीही जबाबदार माणूस आकडा सांगणार नाही.

माडाची सावली
माझे ऐकाल तर ते मलम आजच बंद करा. माझ्या भावाने असेच एक मलम वर्षानुवर्षे लावले आणि त्याच्या कोपराच्या आतली कातडी इतकी पातळ झाली, की खालच्या शिरा दिसू लागल्या, शिवाय जांभळट चरे उमटले ते कायमचेच. घरचे खोबरेल तेल लावा, त्याने कोणाचे वाईट झालेले नाही.

अंत्रुजी
सोरायसिस आहे. वय बासष्ट. दोन्ही नडग्या, कोपरे आणि कमरेच्या मागे चट्टे आहेत.

औषधविक्रेता (म्हापसा)
आता बोलता येईल. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत, पाच मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, स्त्रीच्या बोटावर किंचित कमी. हे माप १९९१ साली मांडले गेले आणि आजही जगभर वापरले जाते. एवढे मलम बोटांसह दोन पंजे मावतील इतक्या त्वचेला पुरते. आईचाच पंजा चट्ट्यांवर ठेवून एकूण किती पंजे भरतात ते मोजा, त्याचे निम्मे करा, म्हणजे एका वेळेला लागणारी पेरे मिळतील. मात्र क्लोबेटासोल हे सर्वांत तीव्र गटातले औषध आहे. त्याची मर्यादा आठवड्याला ५० ग्रॅम आणि सलग दोन आठवडे अशी आहे. हिशेब त्यापलीकडे जात असेल, तर मोठी ट्यूब मागायची नसते, उपचारच बदलायला हवा असतो.

आपल्या फार्मसीवाल्याने केले ते योग्यच केले. २०१८ पासून अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

माडाची सावली
म्हणजे तुम्ही या माणसाला अधिक स्टेरॉइड लावायला सांगता आहात? एवढे धोके असताना?

डिचोलीकरीण
भाऊ, आपल्या बंधूंनी ते वर्षानुवर्षे लावले, आणि तेही कोपराच्या आत, जिथली त्वचा मुळातच नाजूक असते. इथे प्रश्न दोन आठवड्यांचा आणि जाड चट्ट्यांचा आहे. भीतीपोटी चिमूटभर मलम ओढून ओढून पसरले, तर चट्टा अर्धवट बरा होतो, पुन्हा उसळतो, आणि ‘दोन आठवड्यांचे’ औषध पुढे महिनोन्महिने चालू राहते. खरे नुकसान तिथे होते. सोरायसिसमध्ये तीव्र स्टेरॉइड मनाने एकदम तोडले, तरीही आजार उसळू शकतो. खोबरेल तेल त्वचा मऊ ठेवायला जरूर लावावे, परंतु ते मलमाच्या जागी नाही आणि मलमावर लगेच चोपडायचेही नाही. दोन्हींत निदान अर्धा तास जाऊ द्यावा.

सांजवात
माझ्या गालांवर काळे डाग आहेत आणि मैत्रिणीने एक गोरे करणारे मलम सुचवले आहे. तेही पेराने मोजून लावावे काय?

औषधविक्रेता (म्हापसा)
सांजवात, अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. चेहऱ्यावर ते मोजूनही नको. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

अंत्रुजी
मोजले. आठ पंजे भरले. म्हणजे एका वेळेला चार पेरे, दोन ग्रॅम. दिवसाला चार, आठवड्याला २८ आणि दोन आठवड्यांना ५६ ग्रॅम. मर्यादेच्या आत आहे, परंतु पंधरा ग्रॅमची ट्यूब चौथ्या दिवशीच संपणार होती! आता हा हिशेब कागदावर लिहून डॉक्टरांना फोन करतो. तीस ग्रॅमच्या दोन ट्यूब मागू ना?

डिचोलीकरीण
फोन अवश्य करा, मागताना ग्रॅममध्येच मागा, आणि मलम कोणत्या तारखेला सुरू केले तेही सांगा. त्याआधी एकच प्रश्न. मलम आई स्वतःच लावते ना? आपण सांगितलेल्या जागा सोडून ती आणखी कुठे लावते का, ते तिला विचारा.

अंत्रुजी
विचारले. पावसाळा लागल्यापासून जांघेत खाज येते म्हणून ती तिथेही तेच लावते आहे. डॉक्टरांना हे सांगितलेले नाही. तिला वाटले, सोरायसिसच तिथे पसरला.

औषधविक्रेता (म्हापसा)
आपल्याकडच्या दमट हवेत जांघेतली खाज पुष्कळदा नायट्याची असते. स्टेरॉइडने तो बरा होत नाही. खाज थांबते, लाली दबते, कडा पुसट होतात आणि आतून तो पसरत राहतो, इतका की नंतर डॉक्टरांनाही सहज ओळखू येत नाही. जांघेच्या घडीत औषध अधिक मुरते, त्यामुळे कातडीही तिथे लवकर पातळ होते. तिथे लावणे आत्ताच थांबवायला सांगा. फोनवर आधी जांघेचे सांगा, ट्यूबचे त्यानंतर. डॉक्टर ती जागा प्रत्यक्ष पाहायला बोलावतील, तेव्हा दोन आठवडे थांबू नका.