मदत हवी आहे: कॅसेटमधला व्हिन स्कलींचा आवाज साफ कसा करू?

बाबांनी १५ ऑक्टोबर १९८८ला लॉस एंजेलिसच्या घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा (अमेरिकेतली अंतिम मालिका) पहिला सामना टेप केला होता. दोन्ही पाय दुखावलेल्या कर्क गिब्सनने नवव्या डावात होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारून लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाला ५-४ जिंकून दिलं, तोच. समालोचक अर्थातच स्कली. डॉजर्ससाठी १९५० ते २०१६ असे ६७ मोसम बोललेला माणूस!

कॅसेट नव्वद मिनिटांची आहे. डेकचा पट्टा बदलला, हेड स्पिरिटने पुसलं, अ‍ॅझिमथचा स्क्रू (हेडचा टेपशी कोन ठरवणारा) कानाने जुळवला. लॅपटॉपवर वेव्ह फाइल घेतली. ६० हर्ट्झची घरघर नॉच फिल्टरने (तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणाऱ्या) गेली.

अडचण सरसर आवाजाची आहे. चेंडू स्टँडमध्ये गेल्यावर स्कली मिनिटभराहून जास्त गप्प बसतात आणि फक्त प्रेक्षकांचा कल्ला ऐकू येतो. (बोलण्याइतकंच गप्प बसणं जमणारा समालोचक मी दुसरा ऐकला नाही.) ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेपच्या कोऱ्या तुकड्यावरून नॉइज प्रोफाइल (नुसत्या सरसरीचा नमुना) घेऊन १२ डेसिबल कपात केली, तर तो कल्लाच पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. ६ डेसिबलवर सरसर तशीच.

स्वच्छ क्लिप इंटरनेटवर आहे, ठाऊक आहे. पण तिच्यात आमच्या कुकरची शिट्टी नाही, आणि बाबांचं “गेला, गेला, गेला!” तर नाहीच. कॅसेट पोस्टाने कुठे पाठवायची नाही.

कल्ला आणि बाबांचा आवाज शाबूत ठेवून फक्त सरसर कमी करायला ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनमधली सेन्सिटिव्हिटी आणि फ्रिक्वेन्सी स्मूदिंग ही सेटिंग्ज किती ठेवू? की त्या मिनिटाला हातच लावू नये?