'द डार्क नाइट'चा शेवट: बॅटमॅनचा त्याग की गॉथमची फसवणूक?

उलटतपासणी (धागाकर्ता)

२००८ चा सिनेमा आहे, त्यामुळे स्पॉयलरची माफी मागत बसत नाही.

नोलनच्या 'द डार्क नाइट'चा शेवट त्यागाचा म्हणून गौरवला जातो. निर्दोष नायक दुसऱ्याचे खून अंगावर घेतो, मागे पोलिसांची कुत्री लागतात, त्याची मोटारसायकल, बॅटपॉड, अंधारातून उजेडाकडे निघतो. गहिवर यावा अशीच मांडणी आहे. पण त्याआधीच्या दोनेक तासांत सिनेमाने जे सिद्ध केलं, त्यावर या शेवटात बोळा फिरवला जातो, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: खलनायक जोकरच्या डावात गॉथम शहराचा सरकारी वकील हार्वी डेंट याची प्रेयसी रेचेल मरते आणि डेंटचा अर्धा चेहरा जळतो. कुणाला मारायचं हे नाणं उडवून ठरवत तो सूड घेत सुटतो आणि शेवटी पोलीस अधिकारी गॉर्डनच्या लहान मुलावर पिस्तूल रोखतो. बॅटमॅन त्याच्यावर झेप घेतो, डेंट खाली पडून मरतो. गॉर्डन म्हणतो, पाच जण मेलेत, त्यांत दोन पोलीस, हे झाकता येणार नाही. बॅटमॅन सांगतो, मग माझ्या नावावर टाका. डेंटला वीराचा मान मिळतो, बॅटमॅन फरार.

आता याच्या अगदी आधीचा प्रसंग आठवा. दोन फेरी-बोटी, एकीवर कैदी, दुसरीवर सामान्य नागरिक. प्रत्येकीवर स्फोटकं, आणि प्रत्येकीच्या हातात दुसरीला उडवायची कळ. मध्यरात्रीपर्यंत एकीने दुसरीला उडवलं नाही, तर जोकर दोन्ही उडवणार. नागरिकांच्या बोटीवर चक्क मतदान होतं, बहुमत 'उडवा'च्या बाजूने पडतं, आणि तरीही किल्ली फिरवायला कुणाचा हात धजत नाही. तिकडे एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्याच्या हातातून ती कळ घेतो आणि सरळ खिडकीबाहेर फेकतो. जोकर तिथे हरला. त्या लोकांना ना कुणी पुतळा दाखवला होता, ना कुणी धीराचं खोटं सांगितलं होतं. ते आपले आपणच सावरले.

आणि लगेच बॅटमॅन ठरवतो की याच लोकांना डेंटचं सत्य पेलणार नाही. म्हणजे जोकरला उलटा टांगला आणि लोकांबद्दलचं त्याचं मत मात्र खिशात घालून आणलं.

---

तळटीप

साफ असहमत. तुम्ही याला लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न केलात, तो खटल्यांचा प्रश्न आहे.

डेंटने एका झटक्यात ५४९ आरोपी कोर्टात उभे केले होते. त्याचा हिशोब तो महापौरांना स्वतः समजावतो: वरचे जामिनावर सुटतील, पण मधल्या फळीला ते जमणार नाही, आणि खटला-अपील संपेपर्यंत रस्त्यापासून दूर राहणंही परवडणार नाही. ते तडजोड करून थोडी शिक्षा भोगतील आणि रस्ते १८ महिने स्वच्छ राहतील. आता शेवटापर्यंत या खटल्याचं काय उरलं ते बघा. आरोप दाखल करून घेणाऱ्या न्यायाधीश सुरिलो गाडीतल्या स्फोटात गेल्या. मुख्य साक्षीदार लाऊ, त्याला जोकरने नोटांच्या ढिगावर बसवून ढीग पेटवला. उरला कोण, तर सरकारी वकील. तोही खुनी निघाला तर बचाव पक्षाला काही करायचीच गरज नाही. बोटींवरच्या माणसांनी कितीही मन मोठं केलं तरी या फायली त्यांच्या हातात नाहीत.

---

उलटतपासणी

@तळटीप, खटल्यांचा मुद्दा वजनदार आहे, पण एक गाठ सुटते. वकिलाने नंतर खून केला म्हणून त्याने आधी लढवलेले खटले आपोआप बाद होत नाहीत. त्या-त्या खटल्यात त्याने काही गैर केलं, हे दाखवावं लागतं.

आणि डेंटने गैर केलं होतं, तेही चेहरा जळायच्या आधी! शिफ नावाच्या जोकरच्या माणसाला तो पळवून नेतो, डोक्याला पिस्तूल लावून नाणं उडवतो. तो शिफ मनोरुग्ण, आर्कम मनोरुग्णालयातला. बॅटमॅन तिथे पोचतो आणि डेंटला काय बजावतो? हे कुणी पाहिलं तर सगळं पाण्यात जाईल, आत टाकलेले सगळे सुटतील. डेंटला थांबवलं हे बरोबरच, पण प्रकार दाबला तो तिथेच. शेवटचा 'त्याग' म्हणजे त्याच झाकपाकीचा दुसरा हप्ता.

---

जंपकट

दोघंही सिनेमा कोर्टात नेऊन बसवताय. जरा पडद्यावर या.

गॉर्डनचं शेवटचं भाषण सलग चालतं आणि त्याखाली वेगवेगळी दृश्यं कापत जातात. गॉर्डन डेंटच्या तसबिरीसमोर श्रद्धांजली वाहतो. बॅटमॅनला बोलावण्याच्या गच्चीवरच्या बॅट-दिव्यावर कुऱ्हाड चालते. रेचेलने ब्रूस वेनसाठी, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनसाठी, ठेवलेलं पत्र, 'मी डेंटशी लग्न करतेय' हे सांगणारं, त्याचा जुना नोकर आल्फ्रेड जाळतो. आणि बॅटमॅनला यंत्रं पुरवणारा लुशियस फॉक्स शहरभरच्या फोनवरून पाळत ठेवणाऱ्या यंत्रात आपलं नाव टाइप करतो.

यातली पहिली तिन्ही कामं सत्य दडपण्याची. फॉक्सचं चौथं तेवढं उलट: तीन कोटी माणसांवर हेरगिरी करणं माझ्या कामात बसत नाही, असं तो आधी सुनावतो, आणि शेवटी नाव टाकताच यंत्र स्वतःला संपवतं. बॅटमॅनने ते मोडायची सोय आधीच करून ठेवली होती. त्या अख्ख्या माळेत पाळलेला शब्द हा एकच, आणि हसू येतं तेही एकट्या फॉक्सच्या चेहऱ्यावर. बाकीच्यांचे चेहरे बघा. नोलनला सगळंच सारखं मिरवायचं असतं तर ही तफावत ठेवली नसती.

दुसरं, गॉर्डनचा मुलगा. बापाचं भाषण सुरू होण्याआधी पोर विचारतं, तो का पळतोय, त्याने तर काही वाईट केलेलं नाही. अख्ख्या शेवटात सरळ सत्य बोलणारा हा एवढाच. त्याला उत्तर म्हणून बाप जे बोलतो ते कितीही सुंदर असलं तरी उत्तर नाही, समजूत आहे. दिग्दर्शक बॅटमॅनच्या बाजूने नि:शंक असता तर हा प्रश्न पोराच्या तोंडी घातलाच नसता.

आणि खाली पडलेल्या डेंटचं तोंड बॅटमॅन हाताने वळवतो, जळकी बाजू खाली, धड बाजू वर. फसवणूक तिथूनच सुरू झाली, खून माझ्या नावावर टाका असं म्हणायच्याही आधी. किती साधा शॉट आहे! त्यावर कुणी कधी लिहीत नाही.

---

खोडरबर

वरचं सगळं ठीक, पण हे खोटं टिकणार कसं, हे कुणीच विचारत नाहीये.

माहीत कुणाकुणाला आहे ते मोजा. गॉर्डन, त्याची बायको, दोन मुलं. डिटेक्टिव्ह रामिरेझ, जिला डेंटने धमकावून गॉर्डनच्या बायकोला फोन करायला लावला आणि नाण्याने वाचवलं. जोकर, ज्याने आपला हुकमी एक्का हार्वी आहे असं स्वतः सांगितलं. आणि बॅटमॅन.

मग ते पाच मृत. पडद्यावर आपल्याला पाच भरतच नाहीत. वुर्ट्झला बारमध्ये गोळी घातलेली दिसते. माफिया मरोनीचा ड्रायव्हर चालत्या गाडीत मरतो, गाडी उलटते, मरोनीही गेला असं धरायचं. चौथा बहुधा डेंट स्वतः. दुसरा पोलीस कोण, हे सिनेमा दाखवत नाही. ते एक वेळ सोडा, पण वुर्ट्झ मेला पिस्तुलाच्या गोळीने. बॅटमॅन पिस्तूल वापरत नाही हे अख्ख्या शहराला ठाऊक. ज्याचा नियमच तो, त्याच्या नावावर बंदुकीचा खून लावायचा आणि प्रयोगशाळेतल्या एकानेही भुवई उंचवायची नाही?

---

तळटीप

@खोडरबर, टिकलं ना पण. 'द डार्क नाइट राइझेस'मध्ये मधली आठ वर्षं गेलीत, डेंटच्या नावाने दिवस पाळला जातोय, डेंट कायदा लागू आहे, संघटित गुन्हेगारीचा कणा मोडलाय. आठ वर्षांची शांतता ज्यांना मिळाली त्यांच्या बाजूनेही बघा की.

आणि पिस्तुलाचं उत्तर सोपं आहे. लोकांना हवी ती गोष्ट मिळाली की प्रयोगशाळेचा अहवाल कोण वाचतं!

---

उलटतपासणी

तुमचं शेवटचं वाक्य माझ्या बाजूने धरू ना?

पुढचा भाग काढलाच आहे तर पूर्ण काढा. डेंट कायद्याखाली पॅरोल नाकारून ब्लॅकगेट तुरुंगात सुमारे हजार कैदी डांबलेले. म्हणजे या खोट्याची किंमत एकट्या बॅटमॅनने मोजली हे खरंच नाही, या हजारांनीही मोजली. त्यांत बहुतेक गुंड असतील, मान्य. पण कायद्याचा पाया बनावट होता. गॉर्डन कबुलीचं भाषण लिहून खिशात ठेवतो आणि ऐनवेळी वाचत नाही. तो कागद खलनायक बेनच्या हाती लागतो, तो तुरुंगाच्या दारात उभा राहून वाचतो आणि दारं उघडतो. सत्य दडवलं की ते सगळ्यात वाईट माणसाच्या तोंडून बाहेर येतं, तेव्हा त्याचं शस्त्र झालेलं असतं. तरुण पोलीस ब्लेक गॉर्डनला त्याच्या मळलेल्या हातांवरून तोंडावर बोलतो, त्यावर गॉर्डनला नीट उत्तर सुचत नाही.

---

जंपकट

एक तांत्रिक हरकत. २०१२ चा सिनेमा २००८ च्या शेवटाचा पुरावा होऊ शकत नाही. फार तर भाष्य. पहिल्या सिनेमाला आपल्या पायांवर उभं राहू द्या.

---

चौथा पडदा

सगळे डेंटवर घसरलेत. विषय नायकाच्या लोकांमधल्या प्रतिमेचा आहे ना? मग त्याच वर्षी मे महिन्यात आलेला 'आयर्न मॅन' शेजारी ठेवा. टोनी स्टार्कच्या हातात तयार सबब लिहिलेले कागद आहेत: आयर्न मॅन म्हणजे अंगरक्षक, आपला काही संबंध नाही. तो पत्रकारांसमोर कागद बाजूला ठेवून सांगून टाकतो, मीच तो. जुलैमध्ये 'डार्क नाइट' येतो आणि त्याचा नायक न केलेले खून कबूल करतो. एक आपलं नाव प्रतिमेला जोडून टाकतो, दुसरा प्रतिमाच विकून शहराचं देणं फेडतो.

स्टार्कचा मार्ग प्रामाणिक दिसतो, पण त्यात लोकांच्या हाती काहीच येत नाही, फक्त एक तारा मिळतो. बॅटमॅनची प्रतिमा हे पहिल्यापासून अवजार होतं. गुन्हेगारांना भीती घालायला बनवलेलं. वेळ आली तेव्हा तेच अवजार उलटं फिरवलं. अवजाराची अब्रू कसली सांभाळायची?

---

उलटतपासणी

अवजार स्वतःचं असतं तर गोष्ट वेगळी. 'राइझेस'च्या शेवटी त्याच प्रतिमेचा पुतळा उभा राहतो. शहराला काय माहीत आहे? बॅटमॅन अणुबॉम्ब समुद्रावर घेऊन गेला आणि मेला. खरं काय? तो फ्लोरेन्समध्ये त्याची साथीदार सेलिना हिच्याबरोबर टेबलाशी बसलाय. २००८ मध्ये न केलेल्या खुनांसाठी बदनामी, २०१२ मध्ये न आलेल्या मरणासाठी पुतळा. गॉथमला या माणसाबद्दल एकदाही खरं कळलेलं नाही.

घरातही तेच. आधी आल्फ्रेडने पत्र जाळून ब्रूसला फसवलं, मग ब्रूसने कबर उभारून आल्फ्रेडला. म्हातारा त्या कबरीपाशी ढसाढसा रडतो.

---

मावळतीचा

फ्लोरेन्समध्ये आल्फ्रेडला ब्रूस दिसतो, ते आल्फ्रेडचं स्वप्न आहे असं नाही का?

---

जंपकट

नाही. तीन धागे आहेत. बॅट विमानाचा ऑटोपायलट सहा महिन्यांपूर्वीच दुरुस्त झाल्याचं फॉक्सला कळतं, आणि दुरुस्ती ब्रूस वेनच्या नावावर आहे. मालमत्तेच्या यादीतून मोत्यांची माळ गायब आहे, ती सेलिनाच्या गळ्यात दिसते. आणि गॉर्डनला गच्चीवर बॅट-दिवा नवा करून ठेवलेला सापडतो. यातला ऑटोपायलट नि दिवा आल्फ्रेडच्या समोर आलेलाच नाही, मग ते त्याच्या स्वप्नाचा भाग कसे होतील?

---

तळटीप

मूळ मुद्द्यावर येतो. सत्य आणि लोककल्याण यांत लोककल्याण निवडणारा बॅटमॅन पहिला नाही. 'नरो वा कुंजरो वा' म्हणणाऱ्यालाही आपण धर्मराजच म्हणतो.

---

खोडरबर

म्हणतो, पण त्याचा रथ जमिनीला टेकला हेही सांगतो. इथे रथ टेकला तो गॉर्डनचा. बायको-मुलं त्याला सोडून क्लीव्हलँडला गेली, हे 'राइझेस'मध्ये एका वाक्यात उरकलंय. जी मुलं त्या रात्री तिथे होती, तीच.

आता ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही ते. वुर्ट्झ कोण होता? डेंटला माफियाच्या ताब्यात देणारा विकला गेलेला पोलीस. रेचेलला पोचवलं रामिरेझने. दोघंही गॉर्डनच्या पथकातले. आणि पथकात कीड आहे हे डेंट आधीपासून गॉर्डनला सांगत होता, गॉर्डनने कानाआड केलं. डेंटने वुर्ट्झला का मारलं, हे एकदा गाडलं की वुर्ट्झचा विश्वासघातही त्याच्याबरोबर गाडला जातो. सरकारी नोंदीत तो बॅटमॅनने मारलेला कर्तव्यदक्ष शिपाई. रामिरेझवरही त्या रात्रीपुरती कारवाई करता येत नाही, कारण ती तोंड उघडेल. म्हणजे बॅटमॅनच्या त्यागात सगळ्यात मोठी सुटका कुणाची झाली, तर नव्या पोलीस आयुक्तांची, म्हणजे गॉर्डनची. आणि दिव्यावर कुऱ्हाड घालणाराही तोच.

---

तळटीप

वुर्ट्झचं बरोबर आहे, त्याला उत्तर नाही माझ्याकडे. पण गॉर्डनने ते हिशोबाने केलं असं सिनेमात कुठेही दिसत नाही. कल्पना बॅटमॅनची, गॉर्डन आधी 'नाही' म्हणतो.

---

खोडरबर

'नाही' एकदा म्हणतो. नंतर आठ वर्षं गप्प राहतो.