काळ्या मातीत २ फूट उतरवून पत्र्याचा पोहण्याचा तलाव बसवावा का? (आष्टा परिसर)

मळेकरी_आष्टा

नमस्कार मंडळी. आष्ट्याजवळच्या आमच्या मळ्यात, घराच्या मागच्या अंगाला, मुलांसाठी तयार मिळणारा तलाव बसवण्याचा विचार आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची गोल भिंत आणि आत प्लास्टिकचे अस्तर, असा जमिनीवर उभा करायचा हा प्रकार असून त्याचा व्यास १५ फूट आणि उंची ४ फूट आहे. जागेला साधारण दीड फुटाचा उतार आहे. माती काळीभोर, चैत्रात हात आत जाईल एवढ्या भेगा पडणारी, आणि बांधापलीकडे शेजाऱ्यांच्या उसाला पाटाने पाणी असते.

तलाव २ फूट जमिनीत उतरवला तर उतार आपोआप निघेल आणि मुलांना चढणे-उतरणे सोपे जाईल, असे घरच्यांचे म्हणणे आहे. खड्ड्यात ६ इंच वाळू पसरावी, त्यावर तलाव उभा करावा आणि खोदाईतून निघालेली माती बाहेरून पत्र्याला लावून धुमसाने ठोकून घ्यावी, असे विक्रेत्याने सुचवले आहे. मला ते पटत नाही, पण नेमके कुठे चुकते आहे हे सांगता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

स्थापत्य_सांगली

आपली शंका रास्त आहे. विक्रेत्याच्या सल्ल्यातल्या दोन्ही गोष्टी, म्हणजे खालची वाळू आणि बाजूची माती, काळ्या जमिनीत घातक ठरतात.

आधी बाजूच्या मातीविषयी. पत्र्याची गोल भिंत आतल्या पाण्याचा बाहेर जाणारा दाब पिंपाच्या पट्टीप्रमाणे ताणातून पेलते, म्हणून एवढा पातळ पत्रा पुरतो. बाहेरून आत येणारा रेटा सहन करण्यासाठी तो बनवलेलाच नसतो. आपल्याकडच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते, त्याच्या थरांमध्ये पाणी शिरले की माती सर्व दिशांनी फुगते आणि सुकली की आकसते. साडेतीन फूट पाणी भरले तर आपल्या तलावात सुमारे साडेसतरा हजार लिटर पाणी मावेल. हा आकडा मोठा वाटला तरी तळावर त्याचा भार चौरस मीटरला १ टनाहून किंचितच अधिक पडतो, आणि फुगणाऱ्या काळ्या मातीचा रेटा याच्या कित्येक पट असू शकतो. त्यामुळे पाण्याच्या वजनाने जमीन दबून राहील, हा भरवसा धरू नये.

आता वाळू. काळ्या मातीतून पाणी जवळजवळ पाझरत नाही, म्हणून तिच्यात खड्डा खणून वाळू भरली की पावसाचे आणि पाटाचे पाणी त्या वाळूतच साठून राहते. तळ वर्षभर ओला, कडेची जमीन मात्र उन्हाळ्यात कोरडी, अशा स्थितीत तळ एका बाजूने उचलला जातो आणि तलाव कलतो.

उतरवायचाच असेल तर प्रथम ४-५ फुटांचा चाचणी खड्डा घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहावे. मुरूम जवळ असेल तर काळी माती पूर्ण काढून टाकावी. तो फार खोल असेल तर तलावाखाली साधारण १ मीटर माती काढून तिथे न फुगणारा, थोडा चिकटपणा असलेला मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी, बेताचे पाणी मारून रोलरने दाबावा. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी कालव्यांच्या कामांसाठी रूढ केलेल्या पद्धतीचे तत्त्व हेच आहे. नुसत्या वाळूला हे काम जमत नाही.

पत्र्यापासून २ फूट अंतर सोडून काँक्रीटची किंवा डबराची स्वतंत्र भिंत बांधावी, जेणेकरून मातीचा रेटा त्या भिंतीवर येईल आणि पत्र्याला माती कुठेच लागणार नाही. या भिंतीच्या मागेही मुरूमच भरावा.

क्षारपड_शेतकरी

वरील प्रतिसादात एक भर घालतो. आमच्या वाळवा तालुक्यात नदीकाठच्या आणि अतिपाण्याच्या पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि त्या सुधारण्यासाठी अनेकांनी जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा केला आहे. मीही केला आहे. तोच उपाय इथे लागू पडतो. बाहेरची भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, तळाच्या पातळीखाली, गाळणीचे कापड गुंडाळलेला सच्छिद्र पाईप खडीत बसवावा आणि तो उताराच्या बाजूला जमिनीबाहेर काढावा. आपल्याकडे दीड फुटाचाच उतार आहे आणि खोदाई त्याहून खोल जाणार, त्यामुळे पाणी आपोआप बाहेर पडणे कठीण दिसते. अशा वेळी एका कोपऱ्यात खोल खड्डा करून त्यात पंप ठेवावा लागतो, आणि नेमक्या पावसाळी रात्री वीज गेली तर काय, याचा विचार आधीच करावा लागतो.

क्षारांच्या ओलाव्यात जस्ताचा मुलामा फार दिवस टिकत नाही, हे आमच्या शेडच्या पत्र्यांवरून आम्ही पाहिले आहे. आणखी एक, लव्हाळ्याकडे दुर्लक्ष करू नका. त्याचे टोकदार कोंब प्लास्टिकचे अस्तर आरपार भेदतात. गाठींसह तो मुळापासून काढल्याशिवाय वर काहीही अंथरू नये.

कराडवासी

आम्ही कराडजवळ तीन फूट उतरवलेला असाच तलाव बसवला होता आणि बाहेरून मातीच भरली होती. दोन वर्षे काही झाले नाही. तिसऱ्या पावसाळ्यात पाणी गढूळ झाले म्हणून ऐन जुलैत तलाव रिकामा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अस्तर तळापासून फुगून वर आले होते आणि एका बाजूचा पत्रा हातभर आत वाकला होता. आतले पाणी होते तोवर तेच बाहेरच्या रेट्याला तोलून धरत होते, हे आम्हाला तेव्हा कळले. पत्रा पुन्हा सरळ झाला नाही. पावसाळ्यात असा तलाव कधीही पूर्ण रिकामा करू नये.

मुलांविषयी मनापासून सांगावेसे वाटते. ४ फुटांची भिंत जमिनीवर उभी असते, तेव्हा शिडी काढून ठेवली की लहान मूल सहसा आत जाऊ शकत नाही. तोच तलाव २ फूट उतरवला की कठडा मुलाच्या छातीइतकाच उरतो. आमचा पुतण्या तीन वर्षांचा असताना त्या कठड्यावर चढलेला मी स्वतः पाहिला आहे. उतरवणार असाल तर भोवती किमान ४ फुटांचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे, कडी वर असलेले फाटक तलावात पाणी भरण्याआधी उभे राहिले पाहिजे.

मळेकरी_आष्टा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल चाचणी खड्डा घेतला. पाच फुटांपर्यंत काळी मातीच आहे आणि तळाशी सकाळपर्यंत वीतभर पाणी जमले. कुंपणाचा मुद्दा ऐकून घरच्यांचेही मत बदलले आहे. तलाव न उतरवता बसवायचा झाल्यास उताराचे काय करावे?

स्थापत्य_सांगली

पावसाळा नसताना पाच फुटांवर पाणी जमत असेल, तर ते बहुधा शेजारच्या पाटाचे असावे, आणि अशा जागी तलाव उतरवू नये असेच माझे मत आहे. सखल बाजूला काळ्या मातीचा भराव घालून जमीन सारखी करू नका, कारण तो भराव बसत राहील. जागेतील काळी माती शक्य तितकी खोल काढून, तलावाच्या व्यासापेक्षा चारी बाजूंनी ३ फूट मोठा असा दाबलेल्या मुरुमाचा ओटा करा, आणि त्याचा वरचा पृष्ठभाग जमिनीच्या सर्वांत उंच कडेपेक्षा ६ इंच वर ठेवा. सखल बाजूला ओट्याला दगडी पिचिंग (उतारावर दगड बसवणे) करा आणि वरच्या बाजूने येणारे पाणी वळवण्यासाठी चर काढा. पातळी पाण्याच्या नळीने आठ ठिकाणी तपासा. १५ फुटांत अर्ध्या इंचाहून अधिक फरक राहू देऊ नका. ओटा शक्यतो एक पावसाळा तसाच राहू द्या आणि दिवाळीनंतर पातळी पुन्हा तपासून मगच पत्रा उभा करा.