मदत हवी आहे: कॉन्टॅक्ट लेन्सवाला डोळा लाल, थेंबांनी उतरत नाही

सांजवात: उजवा डोळा लालभडक, पाणी येतंय, उजेड सहन होत नाही. थेंब टाकतेय, फरक शून्य. परवा इंटरव्ह्यू आहे, चष्मा लावून जायचं नाहीये. पटकन उतरायला काय करू?

भटकभवानी: डोळे आलेत गं. गुलाबपाणी टाक, हमखास.

चष्मिष्ट: गुलाबपाणी?? कृपा करा. सांजवात, कुठले थेंब? लेन्स अजून घालताय? दुखतंय की नुसतं खुपतंय?

सांजवात: बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे उरले होते ते. लेन्स फक्त डाव्या डोळ्यात आहे. उजवा ठणकतोय, रात्री झोप नाही.

तिरपागडा: मी वर्षानुवर्षं लेन्स लावूनच झोपतो. काही होत नाही.

चष्मिष्ट: नशीब तुमचं. झोपेत बुबुळाला ऑक्सिजन आधीच कमी, त्यावर लेन्सचं झाकण. दुसऱ्यांना शिकवू नका.

ऑप्टोमेट्रीवाला: भांडण नंतर. मोतीबिंदूनंतरच्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असतं. बाटलीवर प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन आहे का बघा. संसर्गात ते टाकलं की लाली उतरल्यासारखी वाटते आणि आत जखम चिघळते. लेन्सवाल्याचा डोळा असा ठणकत असेल तर 'डोळे आले' म्हणून सोडत नाहीत. फ्लोरेसीनचा (जखम चमकवणारा) रंग टाकून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बुबुळावर अल्सर (जखम) आहे का ते बघतात. स्यूडोमोनास हा जिवाणू असेल तर एक-दोन दिवसांतही बुबुळ पोखरतं, तेव्हा आजच डोळ्यांचे डॉक्टर गाठा. काढलेली लेन्स आणि डबी फेकू नका, कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) उपयोगी पडते. लेन्सला पाणी लागतं का कधी?

सांजवात: डबी नळाखाली धुते, मग सोल्यूशन भरते. पोहते लेन्स लावून, पण गॉगल असतो.

तिरपागडा: तलावात क्लोरीन असतं, जंतू मरतात.

ऑप्टोमेट्रीवाला: अकँथामीबा म्हणजे पाण्यातला एकपेशीय जीव, त्याचे सिस्ट (कवचातली रूपं) क्लोरीनला दाद देत नाहीत. नळाच्या पाण्यातही असतो तो. त्याचा संसर्ग सुरुवातीला हर्पीस विषाणूच्या संसर्गासारखा दिसतो म्हणून निदान चुकतं, मग महिनोन् महिने थेंब. पाण्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा.

मोकळाश्वास: लेसिक (नंबर घालवायची लेझर शस्त्रक्रिया) करा, कटकट मिटते. मी केलं, कोरडेपणा सोडला तर झकास.

भटकभवानी: कोरडेपणा किती दिवस राहिला? मलाही करायचंय.

सांजवात: प्रेडनिसोलोनच लिहिलंय. निघतेय. डावी लेन्सही काढू?

ऑप्टोमेट्रीवाला: हो, दोन्ही डोळे मोकळे ठेवा. इंटरव्ह्यूला चष्माच.

मोकळाश्वास: भटकभवानी, तुझा नंबर स्थिर आहे का, ते आधी सांग.