मदत हवी आहे : रीड आणि राइट कोरम एकमेकांना छेदत असूनही जुनी नोंद वाचली जाते

एका की-व्हॅल्यू स्टोअरमध्ये, म्हणजे प्रत्येक नावाखाली एक मूल्य साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये, प्रत्येक नोंद अ, ब आणि क अशा तीन नोडवर (संगणकांवर) ठेवलेली आहे. दोन नोडनी स्वीकारले की राइट यशस्वी मानले जाते आणि रीड करतानाही दोन नोडची उत्तरे घेऊन त्यांतली मोठ्या आवृत्ती क्रमांकाची नोंद क्लायंटला (विचारणाऱ्या प्रोग्रॅमला) दिली जाते; असे किमान लागणारे दोन नोड म्हणजे कोरम. त्यामुळे प्रत्येक रीडला आधीच्या यशस्वी राइटमधला किमान एक नोड भेटतोच, शिवाय एक नोड बंद पडला तरी काम अडत नाही. डेव्हिड गिफर्ड यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या मतदान पद्धतीचाच हा साधा प्रकार आहे.

अडचण अर्धवट राइटमुळे येते. समजा, तिन्ही नोडवर आवृत्ती ७ असताना ८ चे राइट सुरू झाले, ते अ वर पोहोचले, पण ब आणि क यांच्याकडे जाणारे संदेश नेटवर्कमध्ये रखडले. पहिल्या क्लायंटने अ आणि ब यांना विचारले, त्याला ८ मिळाली. त्याचे रीड पूर्ण झाल्यानंतर दुसऱ्याने ब आणि क यांना विचारले, तर त्याच्या हाती ७ आली. यात एकही नोड बिघडलेला नाही, हे विशेष.

वाचलेली नवी नोंद आधी बहुमताच्या नोडवर परत लिहावी आणि मगच क्लायंटला उत्तर द्यावे, हा उपाय ठाऊक आहे. परंतु आमच्याकडे राइटपेक्षा रीड कितीतरी जास्त असल्यामुळे प्रत्येक वेळी नोडना संदेश पाठवून उत्तर घेण्याच्या दोन फेऱ्या परवडणार नाहीत. उत्तर देऊन टाकून दुरुस्ती मागाहून केली तर चालेल का?

प्रतिसाद :

चालणार नाही. उत्तर गेल्यापासून दुरुस्ती होईपर्यंतच्या अवधीत तुम्ही वर्णन केलेलाच प्रसंग पुन्हा घडू शकतो. संदेशांनी जोडलेल्या नोडवर सामायिक नोंदी ठेवण्याविषयीच्या अट्टिया, बार-नॉय आणि डोलेव्ह यांच्या १९९५ च्या शोधनिबंधातही परत लिहिण्याची फेरी उत्तरापूर्वीच येते. मात्र ती दर वेळी लागत नाही. दोन्ही नोडनी ८ च सांगितली, तर ती तीनपैकी दोन नोडवर आधीच आहे आणि पुढच्या कोणत्याही रीडला ती सापडणारच, म्हणून लगेच उत्तर द्यावे. उत्तरे जुळली नाहीत तरच मागे पडलेल्या नोडला ८ पाठवून त्याच्या पोचपावतीची वाट पाहावी. परत लिहिताना क्रमांक ८ च ठेवावा; नवा क्रमांक दिल्यास दरम्यान झालेले खरे राइट जुन्या मजकुराखाली गाडले जाईल. लिहिणारे अनेक असतील, तर क्रमांकाला लिहिणाऱ्याची ओळखही जोडलेली हवी, नाहीतर दोन वेगळ्या नोंदी ८ याच क्रमांकाने वावरतील.

अवांतर : हे सारे निव्वळ रीड आणि राइटपुरते पुरेसे आहे. जुने मूल्य वाचून त्यात एक मिळवायचा असेल, तर दोघे एकाच वेळी आवृत्ती ८ वाचून आपापली आवृत्ती ९ लिहितील आणि एकाची भर हरवेल. तिथे राफ्ट किंवा पॅक्सॉससारखा सहमतीचा प्रोटोकॉलच, म्हणजे सर्व नोडनी क्रियांचा एकच क्रम ठरवण्याची पद्धतच, लागतो. तुमच्या स्टोअरमध्ये अशा क्रिया आहेत का?