दोन किमतींची शाब्दिक उदाहरणं: ताळा जुळतो तरी उत्तर चूक??

ताईची_शिकवणी:
भावाचा अभ्यास घेतेय. उदाहरण असं, एका वहीची किंमत पेनाच्या किमतीच्या तिपटीपेक्षा 6 ने जास्त आहे, 3 पेन आणि 2 वह्या मिळून 84 होतात, तर प्रत्येकाची किंमत काढा. त्याने पेन x, वही y धरलं आणि x = 3y + 6 लिहून सोडवलं, पेन 24 आणि वही 6 आली. ताळा केला तर 72 + 12 = 84, एकदम बरोबर! आणि पुस्तकात मागे उत्तर आहे पेन 8, वही 30. आता तो माझ्याशीच वाद घालतोय की पुस्तक चुकलंय. कसं समजावू?

खडूफळा:
84 ची अट तर ढिगाने जोड्या पाळतात, त्यात काय विशेष. ताळा उदाहरणातल्या प्रत्येक वाक्यावर करायचा, तोही मूळ वाक्य वाचून, आपण लिहिलेल्या समीकरणात किमती घालून नाही, कारण समीकरणच उलटं असलं तर त्यात त्या बसणारच ना. त्याला फक्त एवढं विचारा, महाग काय, वही की पेन? वाक्यात वही महाग आहे आणि याची वही 6 ला. विषय संपला. ही चूक सगळी पोरं करतात, जे महाग त्यालाच 3 ने गुणतात. अरे, स्वस्त बाजूला गुणलं तरच तराजू समान होणार ना, म्हणून y = 3x + 6. मग 3x + 2(3x + 6) = 84, म्हणजे 9x = 72, x = 8.

वजाबाकी:
अजून एक, x म्हणजे पेन असं लिहूच देऊ नका, 'एका पेनाची किंमत x' असं पूर्ण लिहायला लावा. नाहीतर पुढे 3x म्हणजे तीन पेन की तीन पेनांचे पैसे हा घोळ होतोच होतो.

उगाच_एक:
थोडं अवांतर, पण असली उदाहरणं फार जुनी आहेत. जुने गणिती महावीराचार्य यांच्या गणितसारसंग्रह या ग्रंथात (साधारण इ.स. 850) आहे, 9 महाळुंगं आणि 7 कवठांचे 107, तर 7 महाळुंगं आणि 9 कवठांचे 101. एका महाळुंगाची किंमत x, एका कवठाची y धरा. इथे लोप पद्धतीने (गुणून एक अक्षर घालवायची रीत) मोठमोठे गुणाकार करत बसू नका, सहगुणक (x, y च्या आधीचे आकडे 9 आणि 7) अदलाबदल झालेत म्हणून दोन्ही समीकरणांची सरळ बेरीज करा, 16x + 16y = 208, म्हणजे x + y = 13, मग वजाबाकी करून x − y = 3. महाळुंग 8, कवठ 5. तोंडी होतं.

ताईची_शिकवणी:
वहीची किंमत विचारल्यावर गप्प झाला 😄 पण आता नवीन शंका, 3 पेन 2 वह्या 84 आणि 6 पेन 4 वह्या 168 असं दिलं तर?

खडूफळा:
मग दुसरं वाक्य म्हणजे पहिल्याचीच दुप्पट, नवीन माहिती शून्य, एकच एक उत्तर निघणार नाही. आणि 168 ऐवजी 170 दिलं असेल तर उत्तरच नाही.