मदत हवी आहे: पाऊस पडला की इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरच्या सीसीएस-२ गनवर (गाडीत लावायचा जलद चार्जिंगचा प्लग) ‘इन्सुलेशन फॉल्ट’

महामार्गावरच्या हॉटेलात ६० किलोवॅटचा दोन गनचा डीसी चार्जर आहे. पाऊस पडला की एक नंबरची गन गाडीत लॉक होते, पण चार्जिंगआधीच्या केबल तपासणीतच ‘इन्सुलेशन फॉल्ट’ (वीज अर्थकडे गळतेय असा इशारा) देऊन थांबते. तीच गाडी दोन नंबरवर नीट चार्ज होते, म्हणजे दोष गाडीचा नाही. अर्थिंग ३ ओहम. खालच्या जाड डीसी पिनांपाशी ओल होती, पाणी निचऱ्याची भोकं चिखलानं बुजलेली. साफ करून पुसलं की तासभर चालते, मग पुन्हा तेच.

मेगरनं (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारं यंत्र) डीसी प्लस-अर्थ आणि मायनस-अर्थ मोजायचंय. चार्जरमधलं इन्सुलेशन मॉनिटरचं (गळतीवर लक्ष ठेवणारं) कार्ड जळू नये म्हणून केबल आत कुठून सोडवावी? नुसती गन बदलता येते की अख्खी केबलच? १० टक्के बॅटरीवर आलेला माणूस रात्री अडकतो, लवकर सांगा.